कावळ्याला काय विचारतां?

गेल्या महिन्यांत आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या कुंभाराच्या दहाव्याला आम्ही नदीवर गेलों होतों. न्हाव्यानें हजामती आटोपल्या होत्या, भटजींचे मंत्र संपले होते, भाताचे पिंड मांडून झाले होते आणि सारी मंडळी वीस पावलें मागें सरून कावळ्याची वाट पहात बसली होती. कावळे समोरच्या बाभळीवर होते. त्यांना भूक नव्हती कीं माणसांची भीति वाटत होती, तें त्यांचें त्यांना ठाऊक. पण एकहि खालीं उतरेना. अर्धा तास गेला, तास गेला, ऊन वर आलें. मग अशा वेळीं नेहमीं होतें तें सुरू झालें. थोरला मुलगा पुढें होऊन हात जोडून म्हणाला, "आबा, धाकट्याला मी अंतर देणार न्हाई." कावळा हालला नाहीं. धाकटा म्हणाला, "आबा, बहिणीचं येणंजाणं तोडणार न्हाई." कावळा हालला नाहीं. मग भाऊबंद सुचवूं लागले. कोणी म्हणे नातीच्या लग्नांत जीव अडकला असेल, कोणी म्हणे सोसायटीच्या कर्जांत. कोणी म्हणे चिलीम ठेवा, कोणी म्हणे चहा ठेवा. चिलीम आली, कपभर चहाहि आला. शेवटीं मागें बसलेली म्हातारी हळूच म्हणाली, "त्यांना घरला यायचं होतं." मुलांनीं माना खालीं घातल्या. कावळा त्यावरहि आला नाहीं. दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावला आणि मंडळी उठली.

म्हातारीचे ते चार शब्द आमच्या कानांतून अजून गेलेले नाहींत.

त्या घरांत मायेची वाण नव्हती. मुलें बापावर जीव टाकणारीं. परंतु बापाची इच्छा काय होती, हें एका पांखराला दोन तास विचारणाऱ्या ह्याच माणसांनीं, बाप तीन महिने अंथरुणावर असतां, तो प्रश्न त्याला एकदांहि विचारला नव्हता. त्याला घशाचा कॅन्सर झाला होता. रोग फार पसरला आहे, आतां बरा होणें नाहीं, असें तालुक्याच्या डॉक्टरांनीं स्वच्छ सांगितलें होतें. तें थोरल्याला ठाऊक, धाकट्याला ठाऊक, शेजाऱ्यांना ठाऊक, चावडीवर ठाऊक. ठाऊक नव्हतें तें एकट्या म्हाताऱ्याला, किंवा ठाऊक नसल्याचें सोंग त्यालाहि आपल्यासाठींच करावें लागलें. शेवटच्या पंधरवड्यांत श्वास जड झाला तेव्हां, "लोक काय म्हणतील" ह्या धाकानें त्याला शहरांतल्या एका मोठ्या दवाखान्यांत नेलें. दीड एकरांपैकीं अर्धा एकर गहाण पडला. घशांत नळी, नाकांत नळी, मध्यें कांचेचें दार. म्हातारा पहिले दोन दिवस हातांनीं गोल गोल खूण करी. तो नळी उपसूं पहात आहे असें वाटून तेथल्या माणसांनीं त्याचे हात खाटेला बांधले. तो चाक फिरवीत होता हें म्हातारीला कांचेपलीकडून कळलें. पण तिला कोण विचारतो? अकराव्या दिवशीं तो तेथेंच गेला.

आम्ही त्या मुलांना दोष देत नाहीं. आपण सारेच असे वागतों. त्या मुलांच्या जागीं आम्ही असतों तर बहुधा हेंच केलें असतें, आणि म्हणूनच हा विषय आज हातीं घेतला आहे. मेल्यावर माणसासाठीं आपण वाटेल तो खर्च करतों. मरतांना त्याच्याजवळ बसत नाहीं. हा हिशेब उलटा झाला पाहिजे, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

शेतकरी बंधूंनो आणि मायबहिणींनो, घरांत सून पोटुशी राहिली म्हणजे आपण काय काय करतों तें पहा. सातव्या महिन्यांत ओटी भरतों, तिला माहेरीं पाठवितों, डिंकाचे लाडू वळतों, जुनीं मऊ लुगडीं फाडून दुपटीं शिवून ठेवितों, आशाताईला आधींपासून सांगून ठेवितों. घरांतली पोक्त बाई तिला जवळ घेऊन सांगते कीं पोरी, असें असें होईल, अशा कळा येतील, भिऊं नकोस. फार काय, गाय व्यायला झाली तर घरधनी सारी रात्र गोठ्यांत उशाला दिवा ठेवून बसतो. जीव ह्या जगांत येतांना एवढी तयारी. आणि तोच जीव जायला निघाला म्हणजे सगळ्यांच्या तोंडाला कुलूप! म्हातारा म्हणाला, "आतां माझं कांहीं खरं न्हाई," तर लगेच, "शुभ बोल रे नाऱ्या" म्हणून त्याला गप्प करावयाचें. त्याला बोलावयाचें असतें. शेताच्या बांधाबद्दल, उसन्या पैशांबद्दल, वीस वर्षांपूर्वीं तोडलेल्या नात्याबद्दल. आपण त्याला बोलूं देत नाहीं आणि मग दहाव्या दिवशीं नदीवर कावळ्याच्या तोंडून ऐकूं पाहतों.

मेल्यावर जीव कोठें जातो ह्या वादांत आम्ही पडत नाहीं. ज्याची जशी श्रद्धा. पण जाण्याची वाट मात्र डोळ्यांदेखतची आहे, आणि ती पाहिलेल्या माणसांनीं ती इतरांस सांगितली पाहिजे. पूर्वीं घरांत दोनचार मरणें पाहिल्याशिवाय माणूस मोठा होत नसे. आतां मरण दवाखान्यांत गेलें आणि तें ज्ञानहि गेलें.

दीर्घ दुखण्याचा माणूस जातांना आधीं अन्नावरची वासना उडते. पुढें पाणीहि नकोसें होतें. ह्या वेळीं घरांतल्या बायांचा जीव तुटतो व त्या "दोन घास तरी खा" म्हणून बळेंच भरवूं लागतात. मायबहिणींनो, तो उपाशी आहे म्हणून मरत नाहीं. तो मरणाला लागला म्हणून त्याचें शरीर अन्न मागत नाहीं. भरविलेला घास त्याला गिळतां येत नाहीं, तो श्वासाच्या नळींत जातो आणि ठसका लागून जीव घाबरा होतो. आपल्यांत शेवटीं तोंडांत तुळशीचें पान व पाण्याचा थेंब देण्याची चाल आहे. ती चाल ज्यानें घातली त्यानें नीट पाहिलें होतें असें आम्हांस वाटतें: थेंबच द्यावयाचा, तांब्या ओतावयाचा नाहीं. ओल्या फडक्यानें ओंठ व जीभ भिजवीत रहावें, तूप किंवा खोबरेल ओंठांना लावावें, एवढ्यानें त्याला बरें वाटतें. माणूस दिवसाचा बहुतेक वेळ झोंपूं लागतो. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर काळेनिळे चट्टे उमटतात. श्वास कांहीं वेळ भराभर चालतो, मग थांबतो. आतां गेला असें वाटतें तों पुन्हां चालूं होतो. घशांत घरघर लागते. ती ऐकवत नाहीं, पण ती साठलेल्या ओलाव्याची असते. माणूस तेव्हां बहुधा शुद्धींत नसतो आणि तिचा त्रास त्याच्यापेक्षां ऐकणाऱ्याला अधिक होतो. त्याला एका कुशीवर वळवून निजविलें तर ती कमी होते. कित्येक माणसें शेवटच्या दिवसांत आपल्या मेलेल्या आईला, भावाला हाका मारतात, "गाडी जुंपा, निघायचंय" असें म्हणतात. त्यांना भूतबाधा झालेली नसते. देवऋषी बोलावून लिंबें उतरूं नका. हात हातांत घ्यावा आणि "होय, निघूं" म्हणावें. कान बहुधा शेवटपर्यंत जागे असतात असें जाणते डॉक्टर सांगतात. म्हणून खाटेच्या उशाशीं वांटणीची भांडणें काढूं नयेत.

एक चाल मात्र आम्हांला सोडावीशी वाटते. शेवटची घटका आली असें वाटतांच माणसाला खाटेवरून उचलून भुईवर घेतात. ज्याच्या हाडांत रोग शिरला आहे त्याला नुसता स्पर्शहि सहन होत नाहीं, त्याला चौघांनीं उचलून थंड फरशीवर ठेवणें म्हणजे काय, ह्याचा विचार करा. भुईवर घ्यावयाचेंच असेल तर प्राण गेल्यावर घ्या. भुई कोठें पळून जात नाहीं.

आतां वेदनेविषयीं. कॅन्सरच्या शेवटच्या दिवसांत माणूस रात्ररात्र ओरडतो आणि घरचीं माणसें "भोग आहेत, भोगून संपवावे लागतात" असें म्हणून कानांवर हात ठेवतात. हें भोगाचें शास्त्र खोटें आहे. ह्या वेदनेवर औषध आहे, तें जुनें आहे आणि स्वस्त आहे. त्याचें नांव मॉर्फीन. तें अफूपासून निघतें आणि ती अफू आपल्याच देशांतले शेतकरी पिकवितात. मध्यप्रदेशांतील मंदसौर आणि नीमच, राजस्थानांतील चित्तोडगड ह्या बाजूंस सरकारी परवान्यानें अफूची शेतें उभीं असतात, बोंडांना चिरा देऊन चीक काढतात आणि तो सरकारच मोजून घेतें. नीमच आणि गाझीपूर येथें त्याचे सरकारी कारखाने आहेत. म्हणजे पिकविणारा शेतकरी, आणि वेदनेनें तळमळून मरणाराहि शेतकरी. मध्यें औषध अडलें तें कोठें? तें कागदांत अडलें. १९८५ सालीं अमली पदार्थांचा कडक कायदा झाला. त्यानंतर मॉर्फीन बाळगावयास इतके परवाने लागूं लागले कीं दवाखान्यांनीं तें ठेवणेंच सोडलें. २०१४ सालीं तो कायदा सैल केला. आतां मान्यता मिळालेल्या रुग्णालयांना तें ठेवणें सोपें झालें आहे. पण तोंपर्यंत डॉक्टरांची एक पिढी हें औषध न वापरतांच शिकून बाहेर पडली होती आणि लोकांच्या मनांतहि भीति बसली होती कीं हें दिलें म्हणजे माणूस व्यसनी होतो किंवा लवकर मरतो. जाणत्या डॉक्टरानें मापानें दिलें तर दोन्हीं होत नाहीं. माणूस शांत झोंपतो, आणि जागा असतो तेव्हां बोलतो.

ह्या सेवेला डॉक्टर लोक पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. रोग बरा करण्यासाठीं ती नव्हे; रोगी सुखानें रहावा म्हणून. मुंबईंत वांद्र्याला १९८६ सालीं अशा रोग्यांसाठीं शांति आवेदना सदन निघालें. केरळांत कोझिकोडला १९९३ सालीं कांहीं डॉक्टरांनीं हें काम सुरू केलें आणि पुढें तें गांवोगांवच्या साध्या माणसांनीं उचललें. शिक्षक, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बाया आठवड्यांतले दोन तास देऊं लागल्या. रोग्याच्या घरीं जावयाचें, पाठीच्या जखमा धुवावयाच्या, औषध संपलें का पहावयाचें, घरांत तांदूळ आहेत का पहावयाचें. २००८ सालीं तेथील सरकारनें त्याला आपलें धोरणच केलें आणि पंचायतीच्या परिचारिका घरोघर जाऊं लागल्या. आपल्या केंद्र सरकारनेंहि २०१२ सालीं असा एक राष्ट्रीय कार्यक्रम आंखला. तो आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयांत जिवंत आहे कीं भिंतीवरच्या फलकांत आहे, हें विचारणें आपलें काम आहे. आमदारानें सभामंडपासाठीं निधि दिला म्हणजे आपण हार घालतों. मॉर्फीनची गोळी जिल्ह्याला कां मिळत नाहीं, असें त्याला एकदां तरी कोणी विचारलें आहे काय?

येथें कोणी उलटें समजूं नये. आम्ही दवाखान्याचे वैरी नाहीं. साप चावला, छातींत कळ आली, पोर तापानें फणफणलें, बाळंतीण अडली, तर मांत्रिकाकडे जाणारा मूर्ख आहे. धांवत दवाखाना गांठावा आणि लागेल तो पैसा खर्चावा. बरें होण्यासारख्या माणसाला "आतां काय राहिलंय" म्हणून घरांत टाकून ठेवणें हें तर पापच. पण बरें होणें नाहीं असें दोन डॉक्टरांनीं स्वच्छ सांगितल्यावर जमीन गहाण टाकून जें विकत घ्यावयाचें तें आयुष्य नव्हे, नळ्यांमधले दहापंधरा दिवस असतात. आणि तेहि बहुधा रोग्यासाठीं नव्हे, भाऊबंदांच्या तोंडासाठीं. सर्वोच्च न्यायालयानें ९ मार्च २०१८ रोजीं निकाल दिला आहे कीं, शहाण्यासुरत्या सज्ञान माणसाला आपल्या शेवटच्या दुखण्यांत असले कृत्रिम उपाय नकोत असें आधीं लिहून ठेवण्याचा हक्क आहे. पहिल्यानें त्याची रीत फार अवघड होती. २०२३ च्या जानेवारींत ती सोपी केली. दोन साक्षीदारांच्या सह्या आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी ह्यांच्यापुढें तो कागद होतो. पुढें दवाखान्यांतील डॉक्टरांचीं मंडळें पाहून निर्णय घेतात. कागद न करणाऱ्यानें निदान तोंडानें तरी चार माणसांत सांगून ठेवावें, म्हणजे पोरांच्या डोक्यावरचा लोकापवादाचा बोजा उतरतो.

आतां मरणानंतरच्या खर्चाकडे वळूं. दहावें, बारावें, तेरावें, गोदान, शय्यादान. वैतरणी ओलांडण्यासाठीं गाय, आणि गाय नसेल तर गायीचें मोल! ज्यानें जन्मभर गोणपाटावर पाठ टेकली त्याच्या नांवानें गादी, उशी, छत्री, जोडे दान करावयाचे आणि ते जिवंत माणसानें घरीं न्यावयाचे. आमच्या म्हाताऱ्या कुंभाराच्या पाठीला शेवटच्या महिन्यांत जखमा झाल्या होत्या. हवेची गादी आणा म्हणून डॉक्टरांनीं सांगितलें होतें, ती "बघूं पुढच्या बाजाराला" म्हणून राहिली. तेराव्याला मात्र नवी कापसाची गादी दान गेली. ह्यावर अधिक काय लिहावें?

परंतु एक अन्याय आम्हांला करावयाचा नाहीं. शेतकरी कर्जांत बुडतो तो लग्नांमुळें आणि दिवसकार्यांमुळें, असें शहरांतले शहाणे म्हणत आले आहेत. १८७५ सालीं सुप्याला दंगा झाला, दख्खनच्या कांहीं भागांत सावकारांचे कागद जाळले गेले. तेव्हां सरकारनें नेमलेल्या चौकशी मंडळानेंच लिहून ठेविलें कीं ह्या सणाकार्यांच्या खर्चाचा बाऊ उगाच केला जातो, शेतकऱ्याला बुडविणारें कर्ज हें पोटाच्या धान्याचें, बियाण्याचें, बैलाचें आणि सरकारी साऱ्याचें वारंवार काढलेलें लहान लहान कर्ज असतें. म्हणून तेराव्याचें जेवण बंद केलें म्हणजे शेतकरी सुखी झाला, असें आम्ही म्हणणार नाहीं. आम्ही एवढेंच म्हणतों कीं थोडा पैसा आहे, तो एकदांच खर्चावयाचा आहे, तर तो माणूस डोळे उघडे ठेवून पहात असतांना खर्चा.

जोतीराव फुले ह्यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथांत, जन्माच्या आधींपासून मरणानंतरपर्यंत भिक्षुकशाही शेतकऱ्याच्या घरांत कशी शिरते हें दाखविलेंच आहे. पण त्या लिहिण्यापेक्षां त्यांचें स्वतःचें शेवटचें वागणें आम्हांला अधिक शिकवितें. त्यांनीं १८८७ सालीं, हिंडतेफिरते असतां, आपलें मृत्युपत्र करून ठेविलें. १८८८ सालीं अर्धांगवायूनें उजवा हात गेला, तेव्हां डाव्या हातानें लिहून 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तक पुरें केलें. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं ते गेले. अंत्ययात्रेंत टिटवें धरण्यावरून दत्तक मुलाच्या हक्काचा तंटा निघाला तेव्हां सावित्रीबाई पुढें झाल्या आणि टिटवें हातीं घेऊन पुढें चालूं लागल्या. नवऱ्याच्या प्रेतापुढें बाईनें चालणें ही गोष्ट त्या काळीं केवढी होती, हें सांगावयास नको. त्याच सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगांत रोग्यांची सेवा करतां करतां १० मार्चला गेल्या. मरणाऱ्याजवळ कसें बसावें हें त्या घराला ठाऊक होतें.

बाईचा विषय निघाला म्हणून म्हातारीकडे पुन्हां येतों. ती मागें कां बसली होती? जिनें पंचावन्न वर्षें त्याची माती मळली, भट्टी लावली, मडकीं डोक्यावरून बाजाराला नेलीं, तिच्या बांगड्या दहा दिवसांपूर्वीं चार बायांनीं मिळून फोडल्या होत्या, कुंकू पुसलें होतें, जोडवीं काढलीं होतीं. मरण एकाचें होतें आणि शिक्षा दुसऱ्याला. मरण हें मागें राहणाऱ्याचेंहि स्थित्यंतर आहे. त्या वेळीं तिला खांदा द्यावयाचा कीं खड्यासारखी बाजूला काढावयाची? कोल्हापूर जिल्ह्यांत शिरोळ तालुक्यांतल्या हेरवाड गांवानें मे २०२२ मध्यें ह्या चाली बंद करण्याचा ठराव केला. राजर्षि शाहू महाराजांना जाऊन तेव्हां शंभर वर्षें होत होतीं. राज्य सरकारनेंहि त्याच महिन्यांत इतर ग्रामपंचायतींना तसें करण्यास सुचविलें. ठराव कागदावर सोपा असतो. बांगड्या फोडावयास येणाऱ्या चार बाया आपल्याच घरांतल्या असतात, त्यांना आधीं बसवून बोललें पाहिजे.

कागदाचेंहि येथेंच सांगून टाकतों, कारण रडण्याच्या दिवसांत लबाडीला फार फावतें. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आंत करावी. तीन महिन्यांच्या आंत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्यावी. त्यांत विधवेचें नांव आणि मुलींचीं नांवें घातल्याशिवाय ती वर्दी खरी नव्हे. हिंदु वारसा कायद्यांत २००५ सालीं झालेल्या दुरुस्तीनें वडिलार्जित जमिनींत लेक ही लेकासारखीच हिस्सेदार आहे. दहाव्याला आलेल्या बहिणीच्या पुढ्यांत, तिचे डोळे ओले असतां, हक्कसोडीचा कागद सरकविणारे भाऊ आम्ही पाहिले आहेत. ज्याला वांटणी आपल्या मनासारखी व्हावी असें वाटतें त्यानें धडधाकट असतां आपल्या हिश्शापुरतें मृत्युपत्र करावें; साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनीं तें होतें, त्याला स्टँपहि लागत नाहीं.

आपल्या सगळ्याच चाली टाकाऊ आहेत असें मात्र नव्हे. मरण झालें त्या घरीं चूल पेटत नाहीं आणि शेजारीं पिठलें-भाकरी रांधून आणतात, ही चाल ज्या दिवशीं मोडेल त्या दिवशीं गांव मोडलें म्हणून समजा. रात्री भजनी मंडळ येऊन बसतें, तें चांगलें. अलीकडे कित्येक घरें राख नदींत न टाकतां आपल्याच शेतांत खड्डा घेऊन घालतात आणि त्यावर आंब्याचें, नारळाचें रोप लावतात. नदीहि वांचते आणि नातवाला आजा दाखवावयासहि कांहीं उरतें. खांदा देण्यास मात्र अजून जात विचारतात. कांहीं गांवांतून जातीजातींचीं मसणवटें अजून निराळीं आहेत. पूर्वीं मयताची वर्दी दहा कोसांवर उन्हातान्हांत महारानें पोंचवावयाची आणि मसणांत त्यालाच दूर उभें करावयाचें. तें वतन १९५८ च्या कायद्यानें गेलें, मसणांतली कुंपणें राहिलीं. जळून सारखी होणारी राख निरनिराळ्या वाफ्यांत ठेवणाऱ्या ह्या शहाणपणाला काय म्हणावें!

आतां एक मरण सांगून हा लेख पुरा करतों. आमची एक चुलती होती. ऐंशीच्या पुढची, पोटाच्या दुखण्यानें खंगलेली. औषध संपलें असें डॉक्टरांनीं सांगितल्यावर तिचा थोरला एके रात्रीं तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, "बाई, खरं सांगतों, आतां गुण येणार न्हाई. तुझं काय राहिलंय तें सांग." सून दाराआडून "गप बसा" म्हणून खुणावीत होती. म्हातारी रडली नाहीं, ओरडली नाहीं. म्हणाली, "बरं झालं इचारलंस, मी कुणाला इचारूं म्हणत हुते." मग तिनें सांगितलें. शेजारच्या घरचें तांब्याचें घंगाळ थोरल्याच्या लग्नांत आणलेलें, तें पोटमाळ्यावर आहे, तें परत द्या. धाकट्या जावेशीं नऊ वर्षें बोलणें नाहीं, तिला बोलवा. लेकीला विहिरीजवळचे दहा गुंठे मी तोंडानें दिले आहेत, तें कागदावर आणा. मला शहराला नेऊं नका. तेराव्याला बुंदी नको. बुंदी मला कधीं आवडली नाहीं. आणि मेथीची भाजी कुणीतरी तव्यावर कोरडी करा, ही सून पाणी घालते.

जाऊ आली. दोघी बराच वेळ नुसत्या बसल्या, मग एकमेकींच्या दोषांचा पाढा सकाळपर्यंत चालला. घंगाळ गेलें. तलाठ्याकडे, निबंधकाकडे थोरल्यानें चार खेपा घातल्या. जिल्ह्याच्या दवाखान्यांतून वेदनेच्या गोळ्या आणल्या, त्यासाठींहि तीन खेपा पडल्या. मेथी तिनें दोन बोटें चाखली आणि मीठ जास्त झालें म्हणाली. वीसएक दिवसांनीं पहांटे, नात पायांना तेल चोळीत असतां, तिचा श्वास थांबला.

दहाव्याला आम्ही होतों. पिंड मांडले, मंडळी मागें सरली. कावळे झाडावर होते, खालीं उतरेनात. भाऊबंदांत कुजबूज सुरू झाली, कोणी तरी नवस सुचवूं लागला. थोरल्यानें थोडा वेळ वाट पाहिली. मग उठला, धोतर झटकलें आणि म्हणाला, "बाईचं काय राहिलं न्हाई. आम्ही इचारलं हुतं." त्यानें पिंड उचलून पाण्यांत सोडले आणि तो तसाच शेताकडे गेला. मृग लागला होता, पाभर जुंपावयाची होती.